स्टोरी जबरदस्त असलेले जुने कॉम्प्युटर गेम कसे निवडायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गेमबद्दल एकाला काही सांगितलं की तो आणखी चौघांना आपल्याकडे पाठवतो आणि ते चौघंही फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवलेत. स्टोरी शक्यतो फोडलेली नाही, जिथे सांगितलीय तिथे फक्त सुरुवातीचा भाग आहे, त्यामुळे बिनधास्त वाचा.

१. जुने म्हणजे नेमके किती जुने?

माझी रेघ २००४ ला आहे. १६ नोव्हेंबर २००४ ला 'हाफ-लाइफ २' आणि 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स' एकाच दिवशी आले, आणि त्यानंतरचे बहुतेक गेम आजच्या सवयीने सरळ खेळता येतात, वेगळी मनाची तयारी करावी लागत नाही. त्याच्या मागे गेलात की थोडी लागते. ढोबळ तीन टप्पे धरा: ८० च्या दशकातले नुसत्या मजकुराचे गेम, ज्यात तुम्ही 'दार उघड' टाइप करायचं आणि पुढे काय झालं ते वाचायचं, ९० च्या दशकातले माउसने क्लिक करत फिरायचे ॲडव्हेंचर, आणि साधारण १९९७ पासून २००४ पर्यंतचे मोठे आरपीजी (स्वतःचं पात्र घडवत, त्याच्यासाठी निर्णय घेत खेळायचे गेम) आणि थ्रीडी गेम. स्टोरीसाठी तिन्हीत माल आहे, पण प्रत्येकात त्रास वेगळा आहे.

२. मी असा एकही गेम खेळलेलो नाही, सुरुवात कुठून करू?

'मंकी आयलंड'ची स्पेशल एडिशन नाहीतर 'ग्रिम फँडांगो'चं रीमास्टर, म्हणजे जुनाच गेम नव्याने साफसूफ करून काढलेला. दोन्ही विनोदी आहेत, दोन्हीत लढाई नाही (म्हणजे मंकी आयलंडमध्ये तलवारबाजी आहे पण ती एकमेकांना टोमणे मारून जिंकायची असते, हात कितीही हळू असला तरी चालतो), आणि चुकलात म्हणून गेम तुम्हाला शिक्षा करत नाही. लढाई हवीच असेल तर 'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक', २००३ चा, बायोवेअरचा. त्याची स्टोरी सिनेमाच्या हजारो वर्षं आधीची आहे, त्यामुळे एकही सिनेमा बघितला नसेल तरी काही अडत नाही.

३. सगळे म्हणतात 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' सगळ्यात भारी आहे, मग तिथूनच सुरुवात का नको?

भारी आहे, वादच नाही. पण पहिला म्हणून नको.

आधी तो कसा सुरू होतो ते सांगतो. तुम्ही शवागारातल्या थंड फळीवर जागे होता. नाव आठवत नाही, काहीच आठवत नाही. शेजारी एक कवटी तरंगतेय, तिचं नाव मॉर्ट, आणि ती बडबड करतेय. तुमच्या पाठीवर काहीतरी गोंदलेलं आहे, पण स्वतःची पाठ स्वतःला कशी दिसणार, म्हणून ती कवटीच ते वाचून दाखवते, आणि ते निघतं तुम्हीच आधी कधीतरी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या सूचना. म्हणजे आपण याआधीही असेच विसरलो होतो आणि आपल्याला माहीत होतं की परत विसरणार. पहिली पाच मिनिटं संपायच्या आत इतकं सगळं झालेलं असतं आणि तुमच्या हातात अजून धड हत्यारसुद्धा नसतं.

आता अडचण. त्यात साधारण ८ लाख शब्द आहेत असं सांगितलं जातं, आणि त्यातले बरेच वाचायचे आहेत, ऐकायचे नाहीत. लढाई चिकट आणि कंटाळवाणी आहे. १९९९ चं इंटरफेस आहे. आणि कॅरेक्टर बनवताना कोणी सांगितलं नसेल तर माणूस हमखास ताकद वाढवतो, जे इथे चूक आहे: विजडम सगळ्यात वर ठेवा, मग इंटेलिजन्स आणि करिश्मा, कारण आठवणी आणि चांगले डायलॉग त्यांच्यामुळेच उघडतात. हा गेम मरण्याला घाबरत नाही, बहुतेक वेळा मेलात तरी परत उठता, कारण स्टोरीच न मरणाऱ्या माणसाची आहे. पण ही गंमत कळायला आधी नेहमीचे दोनतीन आरपीजी खेळलेले असावे लागतात, ज्यात मेलं की सेव्ह लोड करायचं असतं. नाहीतर तो नेमकं काय मोडतोय ते लक्षातच येत नाही.

४. चांगली स्टोरी ओळखायची कशी? सगळ्यांच्या यादीत तेच दहा गेम असतात.

याद्या बाजूला ठेवा. 'स्टोरी चांगली आहे का' या प्रश्नावरून काहीच ठरत नाही, विचारायचं ते हे की या गेममध्ये मला स्टोरी सांगतंय कोण. माझ्या हिशोबाने तीन उत्तरं येतात आणि तुम्हाला त्यातलं कुठलं मानवतं ते एकदा कळलं की निवड अर्धी झाली.

पहिलं, पात्रं सांगतात. लोकांशी बोलायचं, त्यांना खोदून खोदून विचारायचं. प्लेनस्केप, 'गेब्रिएल नाइट' (१९९३, न्यू ऑर्लिन्स, व्हूडूचे खून, आणि पुस्तकांचं दुकान चालवणारा एक फार न विकला जाणारा लेखक), 'द लाँगेस्ट जर्नी', ग्रिम फँडांगो. ज्यांना कादंबरी किंवा नाटक आवडतं त्यांनी इथे यावं.

दुसरं, जागा सांगते. माणसं जवळपास नसतातच, जे झालं ते होऊन गेलेलं असतं आणि तुम्ही मागे राहिलेल्या खुणा बघत फिरता. १९९३ चा 'मिस्ट' असाच, एक रिकामं बेट आणि त्यावरची पुस्तकं. १९९९ चा 'सिस्टम शॉक २' पण असाच, अंतराळयानातली माणसं मेलीत आणि तुम्हाला फक्त त्यांच्या आवाजाच्या नोंदी सापडत जातात, एका नोंदीत कोणीतरी घाबरलेलं असतं आणि दोन खोल्या पुढे त्याचं प्रेत. कोणी काही समजावून सांगत नाही. बऱ्याच लोकांना वाटतं या गेमला स्टोरीच नाही, असते, ती फरशीवर पडलेली असते.

तिसरं, तुमचे निर्णय सांगतात. 'फॉलआउट', 'डेअस एक्स', ब्लडलाइन्स. डेअस एक्समध्ये ऑफिसात तुम्ही बायकांच्या टॉयलेटमध्ये शिरलात तर नंतर साहेब त्याबद्दल तुम्हाला सुनावतो. स्टोरीच्या दृष्टीने त्याला शून्य महत्त्व, पण तिथे एकदम जाणवतं की हा गेम माझ्यावर लक्ष ठेवून आहे, आणि मग पुढे गोळी घालू की नको यावर माणूस खरंच थांबून विचार करतो.

अर्थात बहुतेक गेममध्ये थोडं थोडं तिन्ही असतं. पण भार कशावर आहे ते बघा. माझा एक मित्र, चांगला वाचणारा माणूस, मिस्ट दोनदा सोडून बसला आणि म्हणायचा जुने गेम माझ्यासाठी नाहीतच. त्याला गेब्रिएल नाइट दिला, चार दिवसात संपवला.

५. मला एवढं वाचायचा कंटाळा येतो, माझ्यासाठी काही आहे का?

भरपूर. 'मॅक्स पेन' (२००१) मध्ये स्टोरी कॉमिकच्या पानांसारखी येते आणि हिरो स्वतःच्या आवाजात ती सांगतो, तुम्ही फक्त ऐकायचं आणि मधे मधे हवेत उड्या मारत गोळ्या झाडायच्या. १९९८ चा पहिला 'हाफ-लाइफ' तर मधे थांबून सिनेमा दाखवतच नाही, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर तुम्ही चालत असताना होतं. 'माफिया' (२००२) मध्ये एक टॅक्सीवाला गँगमध्ये कसा ओढला जातो ते तो स्वतः कॅफेत बसून डिटेक्टिव्हला सांगतोय, त्याला आवाज आहेत, अभिनय बरा आहे. त्यातली मोटार शर्यत मात्र खूप लोकांना रडवते, तयारी ठेवा. 'लेगसी ऑफ केन: सोल रीव्हर' आवाजाच्या अभिनयासाठीसुद्धा खेळावा, पात्रं जुन्या नाटकातल्यासारखी भारदस्त बोलतात.

६. माझं इंग्रजी कच्चं आहे, चालेल?

चालेल, फक्त निवड बदला. प्लेनस्केप आत्ता नको, त्यातली माणसं जुन्या लंडनच्या गल्लीतल्यासारखी बोली बोलतात, ती चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही सुरुवातीला कळत नाही. मंकी आयलंडमध्ये शब्दांचे खेळ आहेत, अर्धे विनोद निसटतील. त्यापेक्षा 'अनदर वर्ल्ड' घ्या, १९९१ चा, फ्रान्समधला, जवळजवळ एका माणसाने केलेला. त्यात संवाद जवळपास नाहीतच, परक्या ग्रहावर पडलेला एक शास्त्रज्ञ आणि त्याला भेटलेला एक परग्रही, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि मैत्री नुसत्या हावभावांवर होते. त्यानंतर सबटायटल चालू ठेवून 'सायबेरिया' (२००२), त्यात लोक सावकाश आणि सरळ बोलतात.

७. ग्राफिक्स बघवत नाहीत हो, काय करू?

आधी एक गोष्ट समजून घ्या, जुनं ग्राफिक्स सगळं एकसारखं म्हातारं होत नाही. हाताने रंगवलेलं टूडी, म्हणजे ९० च्या दशकातले ॲडव्हेंचर, ते आजही चित्र म्हणून छान दिसतं. सगळ्यात वाईट हाल १९९६ ते २००१ च्या सुरुवातीच्या थ्रीडीचे झालेत, चौकोनी हात, तोंड न हलता बोलणारी माणसं. त्यात ग्रिम फँडांगो कसा वाचला तर त्यातली सगळी पात्रं मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाला करतात तसल्या सांगाड्याच्या बाहुल्यांसारखी आहेत, त्यामुळे कमी कोनांची कॅरेक्टर उलट मुद्दाम तशी केल्यासारखी वाटतात. डोकं चालवलं की मर्यादा लपते ती अशी.

दुसरं म्हणजे चित्र ताणू नका. हे गेम ४:३ च्या स्क्रीनसाठी आहेत, आजच्या रुंद स्क्रीनवर ताणले की सगळे जाडे दिसतात. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, दहा मिनिटांत विसरायला होतं.

८. रीमास्टर घेऊ की ओरिजिनल?

एकच उत्तर नाही, गेमप्रमाणे बदलतं.

डोळे झाकून रीमास्टर घ्यायचे: ग्रिम फँडांगो (२०१५), कारण मूळ गेममध्ये माणूस रणगाड्यासारखा वळवत चालवावा लागायचा आणि रीमास्टरमध्ये सरळ क्लिक करता येतं. 'डे ऑफ द टेंटॅकल' (२०१६). मंकी आयलंड १ आणि २ च्या स्पेशल एडिशन, ज्यात एफ१० दाबलं की त्याच क्षणी जुनं ग्राफिक्स समोर येतं, परत दाबलं की नवीन. मी अख्खा गेम ते बटण दाबतच खेळलो आणि बऱ्याच ठिकाणी मला जुनंच चित्र आवडलं, नवीनात हिरोचे केस काहीतरी विचित्रच केलेत.

बाल्डर्स गेट आणि प्लेनस्केपच्या एन्हान्स्ड एडिशन म्हणजे मूळ गेमच नवीन कॉम्प्युटरवर नीट चालण्यासाठी सारखे केलेले, त्या घ्या, फार विचार करू नका.

रीमेक मात्र वेगळी भानगड. माफियाचा २०२० चा रीमेक पूर्ण नव्याने बांधलाय, संवाद बदललेत, काही पात्रांचा स्वभावसुद्धा. चांगला आहे पण तो दुसराच गेम समजा. आणि कधी कधी नवीन आवृत्ती जुन्याची जागाच घेऊन टाकते, 'वॉरक्राफ्ट ३'चं २०२० मध्ये तसं झालं आणि जुन्या मालकांचा चांगलाच संताप झाला. म्हणून जुनी कॉपी हाताशी असेल तर तिचा बॅकअप ठेवा.

९. माझ्या नवीन कॉम्प्युटरवर चालतील का? आणि मिळतात कुठे?

ताकदीचा प्रश्न नाहीच, उलट कॉम्प्युटर जास्त जोरात असणं हीच अडचण. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या) काळातले काही गेम प्रोसेसरच्या वेगावर चालायचे, आज तसेच सुरू केले तर माणसं माश्यांसारखी सुसाट पळतात. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो आतल्या आत जुना कॉम्प्युटर तयार करतो. वेग कमी करायला कंट्रोल आणि एफ११, वाढवायला कंट्रोल आणि एफ१२. क्लिकवाल्या ॲडव्हेंचरसाठी स्कमव्हीएम त्याहून बरा, पण त्याला मूळ गेमच्या फाइल लागतात, तो स्वतः गेम देत नाही. जुनी सीडी सापडली आणि इन्स्टॉलच होत नसेल तर बहुतेक इन्स्टॉलर १६ बिटचा असतो आणि ६४ बिट विंडोज तो चालवतच नाही. गेम मात्र आतून ३२ बिटचा असू शकतो, म्हणजे सीडी मेली नाहीये, दरवाजा तेवढा बंद आहे.

एवढी खटपट नको असेल तर गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानांतून घ्या, तिथे बहुतेक वेळा डॉसबॉक्स आतच बांधून दिलेला असतो. गॉगवरच्या कॉपीला कुलूप नसतं, एकदा इन्स्टॉलर उतरवून ठेवला की तुमचा.

फुकटाबद्दल सगळेच विचारतात. 'अबॅंडनवेअर' हा शब्द लोकांनी काढलाय, कायद्यात तसं काही नाही, गेम विकत मिळत नाही म्हणून कॉपीराइट संपत नाही. खरोखर फुकट दिलेले गेम पण आहेत: 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) त्याच्या मालकांनीच २००३ मध्ये मोफत केला, आणि तो नुसता फुकट म्हणून नाही तर चांगला म्हणून खेळावा. उलट टोकाला 'नो वन लिव्हज फॉरेव्हर' (२०००), गुप्तहेर बाईचा इतका मजेदार गेम, पण हक्क नक्की कोणाकडे याचाच घोळ, त्यामुळे डिजिटल दुकानात येतच नाही.

१०. अडकलो की वॉकथ्रू बघितला तर चीटिंग होतं का?

नाही हो. तुम्ही स्टोरीसाठी आलात, परीक्षेला नाही. तरी सरळ वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं क्रमाने लिहिलेलं पान, उघडू नका, कारण नजर खाली घसरते आणि पुढच्या तीन गोष्टी वाचल्या जातात. युनिव्हर्सल हिंट सिस्टीम म्हणून एक प्रकार १९८८ पासून आहे, त्यात एका अडचणीसाठी आधी हलका इशारा, मग थोडा स्पष्ट, मग उत्तर, एकेक करून उघडायचं. मी स्वतः अर्धा तास अडकलो की पहिला इशारा बघतो. त्याहून जास्त वेळ अडकून राहण्यात मर्दुमकी नाही, तोपर्यंत स्टोरी कुठे होती तेच विसरायला होतं.

आणि काही कोडी खरंच मूर्खपणाची आहेत, ती तुमची चूक नाही. 'गेब्रिएल नाइट ३' मध्ये मोटारसायकल भाड्याने मिळवायला मित्राचं सोंग घ्यायचं असतं, त्यासाठी मांजराच्या केसांची मिशी बनवायची, ती सिरपने चिकटवायची, आणि ज्याचं सोंग घेताय त्या मित्राला मुळात मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवर पेनाने मिशी काढायची. हे कोणाला आपसूक सुचत असेल तर त्याच्यापासून जरा लांबच राहा. 'ब्रोकन स्वोर्ड'मधला बोकड पण त्याच जातीचा, सगळा गेम शांतपणे विचार करायचा आणि एकाच ठिकाणी अचानक घाई करावी लागते.

११. खूप पुढे गेल्यावर कळलं की आता गेम पूर्णच होऊ शकत नाही, असं कसं?

त्याला डेड एंड म्हणतात आणि सिएरा कंपनीच्या जुन्या गेममध्ये तो नेहमीचा पाहुणा. 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०) घ्या. तुमच्याकडे एक 'पाय' (pie, गोड सारण भरलेला खायचा पदार्थ) असतो, आणि डोंगरावर हिरोला भूक लागते. साहजिकच तुम्ही तो खाता. पुढे एक यती येतो आणि त्याच्या तोंडावर फेकून मारायला नेमका तोच 'पाय' लागतो. संपलं. गेम मात्र तुम्हाला खाताना हूं की चूं करत नाही.

मंकी आयलंड आणि ग्रिम फँडांगो बनवणाऱ्या लुकासआर्ट्सवाल्यांनी याच्या बरोबर उलटं धोरण धरलं, साधारण मंकी आयलंडपासून पुढे मरायचं नाही आणि कायमचं अडकायचं नाही. (त्यातही खोडी आहेच: हिरो बढाई मारतो की मी दहा मिनिटं श्वास रोखतो, आणि त्याला पाण्याखाली खरोखर दहा मिनिटं ठेवला तर मरतो.) म्हणून नवख्याने आधी लुकासआर्ट्स, नंतर सिएरा.

उपाय एकच, एका सेव्हवर दुसरा सेव्ह कधी चढवायचा नाही. मी नवीन होतो तेव्हा शिस्त म्हणून एकच सेव्ह ठेवायचो, नीटनेटकं वाटायचं, आणि एका आरपीजीत दार बंद झालेल्या खोलीत, एक टक्का जीव शिल्लक आणि समोर तिघं अशा अवस्थेत तो सेव्ह केला. तीस तास गेले. आता दर सत्राला नवीन सेव्ह, नावात तारीख नाही तर कुठे आहे ते लिहितो.

१२. वेळ कमी असतो, आठवड्याला तीनचार तास. काय जमेल?

अनदर वर्ल्ड दोनतीन तासांत, मंकी आयलंड सहा ते आठ, मॅक्स पेन तेवढाच, ग्रिम फँडांगो दहाबारा. हे सगळे अंदाज, अडकलात तर वाढतात. 'बाल्डर्स गेट २' साठ तासांच्या पुढे जातो, त्याला हात लावायच्या आधी विचार करा, मधे महिनाभर खंड पडला तर कोणाला काय वचन दिलं होतं ते आठवत नाही. एक साधी वही ठेवा, सत्र संपताना दोन ओळी. जुन्या गेममध्ये नकाशावर बाण दाखवणारं कोणी नसतं, ती वहीच तुमचा बाण.

१३. फॉलआउटमध्ये दिवस मोजतात म्हणे, टाइम लिमिटचं टेन्शन येतं.

पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) भूमिगत वस्तीच्या पाण्याची चिप बिघडलेली असते आणि ती आणायला १५० दिवस मिळतात. ऐकायला भीती वाटते पण पुरतात, आणि पाणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडून पाणी पाठवायची सोय केली की आणखी १०० दिवस वाढतात. चिप परत दिली की ते घड्याळ संपलं. माझं मत विचाराल तर ते घड्याळ असावंच, त्यामुळे घरची माणसं तहानलेली आहेत हे डोक्यात राहतं.

घड्याळाचा खरा चमत्कार बघायचा असेल तर 'द लास्ट एक्सप्रेस' (१९९७). जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस, महायुद्ध तोंडावर. गाडीत सगळे आपापल्या वेळेने वागतात, तुम्ही असा नाहीतर नसा. डायनिंगच्या डब्यात एका टेबलापाशी उभं राहून दोघांचं बोलणं ऐकत बसलात तर त्याच वेळी तिसऱ्याच्या कूपेत काय चाललं होतं ते हुकलं. पण घाबरू नका, सेव्हच्या ऐवजी घड्याळाचे काटे मागे फिरवता येतात, मग परत जाऊन दुसऱ्या दाराशी कान लावा. तेव्हा फार विकला गेला नाही बिचारा.

१४. मला लढाई जमत नाही, स्टोरी बघायचीय फक्त.

डिफिकल्टी सगळ्यात खाली करा आणि लाजू नका. बाल्डर्स गेटच्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये तर स्टोरी मोडच आहे. त्या गेममध्ये स्पेसबार दाबून लढाई कधीही थांबवता येते, शांतपणे हुकूम द्यायचे आणि परत चालू. नवीन माणसाला तिथे एकच गोष्ट गोंधळात टाकते, जुन्या नियमांत आर्मर क्लासचा, म्हणजे बचावाचा, आकडा जेवढा कमी तेवढा चांगला, उणे झाला तर आणखीनच चांगला. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगलं चिलखत विकून टाकतात.

फसवणूक एकच होते: दिसायला सारखे म्हणून एकसारखे समजणं. 'आइसविंड डेल' आणि प्लेनस्केप दोन्ही एकाच इंजिनावर, पण पहिल्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मारामारी आहे. लढाई अजिबातच नको असेल तर प्रश्न २ आणि ४ मधले ॲडव्हेंचर.

१५. सिरीज असेल तर पहिल्या भागापासूनच खेळायचं का?

मंकी आयलंड, बाल्डर्स गेट, मॅक्स पेन, सायबेरिया हे क्रमानेच. बाल्डर्स गेटमध्ये पहिल्या भागातलं तुमचं कॅरेक्टर दुसऱ्यात नेता येतं, आणि सायबेरियाचे पहिले दोन भाग म्हणजे अर्धी अर्धी केलेली एकच स्टोरी आहे, पहिला संपला की हातात तुकडाच राहतो. मंकी आयलंड २ चा शेवट इतका तिरपागडा आहे की त्याचा धागा मूळ गेम बनवणाऱ्या माणसाने थेट २०२२ च्या 'रिटर्न टू मंकी आयलंड'मध्ये उचलला. फॉलआउट २ सुटा खेळला तरी चालतो.

१६. फॅन लोकांचे पॅच आणि मॉड टाकावेत का?

पॅच म्हणजे दुरुस्ती, मॉड म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल किंवा भर. पहिल्यांदा खेळताना फक्त दुरुस्तीवाले. ब्लडलाइन्सला अनऑफिशियल पॅच टाकल्याशिवाय सुरूच करू नका, तो गेम अर्धाकच्चा बाहेर आला होता आणि बनवणारी ट्रोइका कंपनी २००५ मध्ये बंद पडली, नंतरची सगळी डागडुजी चाहत्यांनी केलीय. पॅचचे दोन प्रकार आहेत, बेसिक नुसत्या चुका काढतो, प्लस कापलेला मजकूरही परत घालतो. आधी बेसिक. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' पण घाईत संपवलेला होता, त्याला रिस्टोअर्ड कंटेंट मॉड लावा, शेवट त्याशिवाय तुटक वाटतो. चेहरे सुंदर करणारे वगैरे मॉड दुसऱ्या खेपेला.

ब्लडलाइन्समध्ये आणखी एक, पहिल्यांदा व्हॅम्पायरांचं मल्काव्हियन कुळ घेऊ नका. ते वेडे असतात आणि त्यांचे डायलॉग कोड्यात असतात, एका ठिकाणी रस्त्यावरच्या थांबा पाटीशी भांडण होतं. आणि काही वाक्यांत पुढची रहस्यं आधीच बोलून जातात, ते दुसऱ्यांदा खेळताना कळतं आणि तेव्हाच मजा आहे.

१७. मुख्य ट्विस्ट मला आधीच कळलाय, आता खेळण्यात अर्थ आहे का?

नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक असेल तर थोडा चटका बसेल, खोटं कशाला बोलू. तरी खेळा, कारण माहीत असताना प्रत्येक जण तुमच्याशी किती जपून बोलतोय ते दिसायला लागतं. प्लेनस्केपला तर फारसा फरक पडत नाही. आणि 'ब्लेड रनर' (१९९७) मध्ये शेवट फोडणंच अवघड, कारण कोण माणूस आणि कोण रेप्लिकंट (हुबेहूब माणसासारखा बनवलेला कृत्रिम जीव) हे काही पात्रांच्या बाबतीत दर वेळी गेम सुरू करताना नव्याने ठरतं. तुमच्या मित्राने जिला निर्दोष सांगितली ती तुमच्या खेळात नसेलही. तो आता स्कमव्हीएमवर पण चालतो.

१८. लहान मुलांबरोबर बसून खेळता येतील असे?

डे ऑफ द टेंटॅकल. तिघं मित्र, एक दोनशे वर्षं मागे, एक आजच्या काळात, एक दोनशे वर्षं पुढे, आणि मागच्याने केलेली गोष्ट पुढच्याला लागू होते, मुलांना हे कारण आणि परिणामाचं गणित मोठ्यांपेक्षा लवकर सुटतं. माउस मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही वाचून दाखवा. ब्लडलाइन्स, मॅक्स पेन, सिस्टम शॉक २ मुलं झोपल्यावर.

१९. तास दीड तास खेळलो, बोअर झालं. सोडू का?

कुठे बोअर झालं ते बघा. इंटरफेसवर चिडचिड झाली असेल तर अजून एक तास द्या, हात बसतो. अडकून बोअर झालं असेल तर प्रश्न १०. पण सगळं सुरळीत चालू आहे, पात्रं बोलतायत आणि तुम्हाला त्यांचं काय होईल याची अजिबात पर्वा नाही, तर सोडा, कितीही मोठं नाव असू दे. फक्त लगेच त्याच प्रकारचा दुसरा घेऊ नका, प्रश्न ४ मधला वेगळा प्रकार घ्या.

२०. हे सगळं वाचूनही ठरत नाहीये. एकच नाव सांगा.

ग्रिम फँडांगो, रीमास्टर्ड. त्याची स्टोरी चार वर्षांत विभागलेली आहे, दुसऱ्या वर्षात शहर मोठं होतं आणि तिथे जवळपास सगळेच अडकतात, तेव्हा प्रश्न १० परत उघडा.